फुलपात्रानं मोजलेलं पाणी

संशोधनाच्या भाषेत एक शब्द आहे, 'लॉस्ट'. म्हणजे हरवलेली. पेशंट घरी गेली, पुन्हा तपासणीला आली नाही, दोनतीनदा फोन लावून पाहिला आणि लागला नाही, की तिच्या नावापुढं हा शब्द टाकून मंडळी मोकळी. ज्यानं हा शब्द काढला त्याला भर चैत्रात घनसावंगीच्या काळ्यापिवळ्या जीपमध्ये मागच्या बाकावर बसवायला हवं, असं मला जाताना वाटत होतं. परत आल्यावर तर त्याला त्या जीपच्या टपावरच बांधावं असं वाटतं. अहो, हरवायला ती बाई म्हणजे काय छत्री आहे? ती आपल्या घरी असते, भाकरी थापत असते. आपणच तिच्याकडं गेलेलो नसतो.

मी पुण्यात किडनीच्या वॉर्डात सिस्टर होते. सगळी नोकरी त्यातच गेली, आता निवृत्त आहे. मूळची मी वाईकडची. आमच्या वॉर्डातले डॉक्टर सध्या एका अभ्यासात आहेत. बाळंतपणात रक्त फार गेलं किंवा जंतुसंसर्ग झाला, की काही बायकांची किडनी एकाएकी बंद पडते. लघवी थांबते, अंग सुजतं. वेळेवर डायलिसिस मिळालं तर बहुतेक वेळा ती पुन्हा चालू होते. पण पुढं काय? ती पूर्ण बरी होते, की आतून कच्ची राहते? आणि पुन्हा बंद पडू नये म्हणून काय करायचं? हे कळायचं तर त्या बायकांना घरी गेल्यावरही तपासत राहावं लागतं. मराठवाड्यातल्या एका मोठ्या दवाखान्यातल्या बायकाही या अभ्यासात घेतल्या होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच जणी अशा 'हरवल्या' होत्या. त्यांना शोधायला डॉक्टर नेहा निघाली. माझ्या लेकीच्या वयाची पोरगी, हुशार, पण बोलताना निम्मे शब्द इंग्रजी. मला म्हणाली, "सिस्टर, तुम्ही चला ना. बायका तुमच्याशी बोलतात." बोलतात कसल्या, माझ्या तोंडाला घाबरून उत्तरं देतात! पण गेले.

जालना

जालन्यात उतरलो तेव्हा सकाळचं ऊनसुद्धा अंगावर धावून येत होतं. लोखंडाच्या कारखान्यांकडून येणारे ट्रक, त्यांच्यावर बांधलेल्या सळयांचा खडखडाट, आणि त्या सगळ्यातून वाट काढणारा आमचा रिक्षावाला. चढताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. रिक्षावाल्यानं न सांगता गाडी चांभाराच्या पालापुढं उभी केली आणि चप्पल शिवून होईस्तोवर थांबला. "जल्दी काय हाय बाई, ऊन काय पळून जाऊन राह्यलंय का?" म्हणाला. पुण्यात असा कुणी थांबला असता तर मी आधी त्याचं मीटर बघितलं असतं.

जेवायला एका बाईच्या खाणावळीत गेलो. ज्वारीची पातळ भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. येसर म्हणजे धान्य, डाळी नि मसाले भाजून दळलेलं पीठ. तिची आमटी इतकी खमंग की मी दुसऱ्यांदा वाटी पुढं केली. नेहा मात्र नाकाडोळ्यांतून पाणी गाळत बसली होती. पण माझ्या लक्षात राहिलं ते तिथलं पाणी. बसल्या बसल्या तांब्या पुढं आला, ग्लास रिकामा होण्याआधी भरला गेला. आमच्याकडं वाईला पाहुण्याला विचारतात, पाणी घेणार का म्हणून. इथं विचारत नाहीत, देतात. मी खाणावळवाल्या बाईला तसं बोलले तर ती म्हणाली, "पाण्याला काय इचारायचं? आल्या माणसाला पाणी न्हाई दिलं तर मंग घर कशाचं?" मला फार बरं वाटलं ते ऐकून.

अंबडच्या वाटेवर

अंबडपर्यंत एसटी मिळाली, तिथून पुढं जीप. जीपमध्ये आम्ही किती जण होतो ते विचारू नका. नेहाच्या मांडीवर रक्ताच्या नमुन्यांसाठीचा बर्फाचा डबा होता. शेजारच्या म्हातारीनं त्यावर हात ठेवून पाहिला, गार लागला. "कुल्फी हाय का गं?" तिनं विचारलं. नेहानं खरं ते सांगितलं, रक्त ठेवायचा डबा आहे म्हणून. झालं! म्हातारी अशी सरकली की पलीकडचा माणूस निम्मा बाहेर गेला.

तो माणूस मोसंबीवाला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना त्याच्यासारख्यांच्या बागा. मधली रानं भाजून काळी पडलेली आणि या बागा मात्र हिरव्यागार. झाडाच्या बुडाशी उसाचं पाचट अंथरलेलं, नळीतून थेंब थेंब पाणी. विहीर आटली की टँकर आणायचा. "एक पाळी चुकली की झाड सुकतं बाई," तो मला समजावून सांगत होता. "त्याला तोंड न्हाई ना बोलायला. आपणच वळखावं लागतं, तहानलंय म्हणून." किती जीव लावतात ही माणसं झाडाला, म्हणून मी नेहाला कौतुकानं सांगितलं. त्याच दुपारी ते वाक्य माझ्या घशात अडकणार होतं, हे तेव्हा काय माहीत!

गाव

घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या बाजूला एक गाव. नाव सांगत नाही, त्या घराला उगाच त्रास नको. आम्हाला सीमा हवी होती. गेल्या वर्षी पहिल्या बाळंतपणात रक्त जाऊन तिची किडनी बंद पडली होती. डायलिसिसवर राहून सुधारली, घरी गेली, आणि आमच्याकडं तिच्या नावापुढं तो शब्द पडला. तिचा नवरा चाकणला कारखान्यात. दवाखान्यात दिलेला नंबर त्याचा, आणि तो नंबर त्यानं बदललेला. एवढंच. हरवण्याची गोष्ट एवढीच असते.

दारात तिची सासू पार्वताबाई भेटली. उंच, काटक, पदर डोक्यावर घट्ट. दवाखान्यातून आलोय म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला. "आवं, या ना! आल्या व्हय आमच्या गावाला? सीमे, पानी आन." सीमा तांब्या घेऊन आली. आम्ही दोघी घटाघटा प्यायलो. मी तांब्या खाली ठेवला आणि मग त्या पोरीकडं नीट पाहिलं. ओठ सुकून भेगाळलेले, जीभ कोरडी, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहिली. चालतीबोलती, हसरी पोर, कडेवर गुटगुटीत लेक. पण आतून वाळलेली.

"पाणी किती पितेस गं?" मी विचारलं. तिनं सासूकडं पाहिलं.

सासूनं मोठ्या अभिमानानं फळीवरून एक पितळी फुलपात्र काढून दाखवलं. वेगळं ठेवलेलं, घासून लख्ख. "ह्यानं मोजून. सकाळी एक, भाकरीसंगं एक, सांजच्याला एक. बिलकुल पथ्य मोडलं न्हाई. घरात कोनी तिच्या हातात तांब्या देत न्हाई, शेजारणीलासुदीक सांगून ठेवलंय."

माझं डोकं फिरलं. मी तिथंच ओरडणार होते, पण तेवढ्यात आतल्या खोलीतून कण्हण्याचा आवाज आला. दार लोटलेलं, खिडकीला गोधडी. मी विचारलंसुद्धा नाही, सरळ आत घुसले. बाहेर अशी आग आणि आत बाजेखाली शेगडी पेटवलेली! बाजेवर एक पोरगी, डोक्याला फडकं, कानांत कापूस. ही धाकटी सून पूजा, आठवड्यापूर्वीच बाळंत झालेली. पलीकडं घरातली आत्या, पार्वताबाईची नणंद, तिच्या तान्ह्याला मांडीवर घेऊन वारा घालत होती. बाळाला वारा, आईला शेगडी. पूजाचे डोळे खोल गेले होते. मला पाहून तिनं ओठ हलवले. पाणी मागत होती.

"लघवी कधी झाली हिला?" नेहानं नाडी धरत विचारलं. कालपासून नाही, आणि काल झाली ती चहासारखी, असं आत्यानं सांगितलं. उलट्या होतात, उठवलं तर गरगरतं. टाके दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या मात्र दिवसभर चालू होत्या. अंगात पाणी नसताना त्या गोळ्या किडनीचा जीव घेतात, हे सांगायला मेडिकलवाल्याच्या बापाचं काय गेलं असतं?

मी बाहेरचा तांब्या आणला आणि पूजाच्या मानेखाली हात घातला. तेवढ्यात पार्वताबाईनं माझं मनगट धरलं. काय पकड होती त्या बाईची! "थांबा! मारता काय पोरीला?"

"मारताय तुम्ही!" मी ओरडले. जे तोंडाला येईल ते बोलले. कुठल्या जमान्यात राहता, सुनेला पाणी तोडता, आल्यागेल्याला तांब्या आणि घरच्या पोरीला फुलपात्र, रस्त्यावरच्या झाडांना टँकर आणि हिला घोटभर नाही. बाळंतिणीला पाणी दिलं की पोट सुटतं, ही तुमची खुळं कधी जाणार? आमच्याकडं सुद्धा शेक देतात, डोकं बांधतात, पण ओवा घालून पाणी तरी भरपूर पाजतात! माझा आवाज असा की शेजारच्या बाया भिंतीवरून बघायला लागल्या.

पार्वताबाईनं सगळं ऐकून घेतलं. मनगट काही सोडलं नाही. मग म्हणाली, "पोट सुटायचं आमी मानत न्हाई आता. पानी तोडलं ते तुमच्या दवाखान्यानं. तुमच्याच डॉक्टरनं माझ्यासमोर बोट नाचवून सांगितलं, हिची किडनी गेल्ती, पानी मोजून द्या, जास्तीचा घोट गेला तर पोर जाईल. म्या त्या दिसापासून मोजून राह्यले. आन् धाकटीची किडनी जाऊ नये म्हून हिलाबी पयल्या दिसापासून मोजूनच. कामून ओरडता मंग माझ्यावर?"

मी नेहाकडं पाहिलं. नेहा पांढरी पडली होती.

खरं होतं ते. किडनी बंद असते, लघवी होत नाही, तेव्हा पाणी मोजूनच द्यावं लागतं, नाहीतर ते फुप्फुसात साचतं. आम्ही रोज सांगतो, दरडावून सांगतो. पण किडनी चालू झाली की तेच पथ्य उलटं होतं. तेव्हा प्यायला लावायचं असतं. सीमाची लघवी सुरू झाली, खाट दुसऱ्याला हवी होती, ड्युटीवर दुसरे डॉक्टर होते, आणि पोरीला घरी पाठवलं. पाणी बंद करा हे सांगायला सगळे होते. आता बंदी उठली, हे सांगायला कुणीच नव्हतं. आणि आम्ही काय अभ्यास करत होतो? किडनी पुन्हा बिघडू नये म्हणून काय करावं, याचा! या घरानं आमचा शब्द देवाच्या शब्दासारखा पाळला होता, आणि म्हणूनच एक पोर वर्षभर तहानलेली होती आणि दुसरी बाजेवर पडली होती. मला इतका संताप आला की कुणावर काढावा कळेना. म्हातारीवर काढून झाला होता, तो चुकीच्या दारात गेला होता.

नेहा खाली जमिनीवर बसली, पार्वताबाईच्या पायाशी. एकही इंग्रजी शब्द न घालता बोलली. "आजी, चूक आमची आहे. ते पथ्य तेवढ्या दिवसांपुरतं होतं. ते सोडायचं कधी, हे आम्ही सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. आता पूजाला पाणी द्यायला हवं आणि लगेच दवाखान्यात न्यायला हवं."

पार्वताबाईची पकड सुटली. ती बाजेच्या कडेला टेकली. दुसऱ्या हातातलं फुलपात्र तिनं उलटसुलट करून पाहिलं. "म्हंजी म्या... माझ्या हातानं?" एवढंच म्हणाली. मी साखरमीठ घातलेलं पाणी पूजाच्या तोंडाला लावलं. ती घोट घोट प्यायली. कुणी आडवं आलं नाही.

मग नवीन गोंधळ. आत्या म्हणाली, बारसं झालं नाही, बाळंतीण उंबरा कशी ओलांडणार? शेजारीण म्हणाली, सीमेला नेलं तेव्हा मशिनीला लावलं होतं, हिलाही लावतील. अॅम्ब्युलन्सला फोन केला, ती दुसऱ्या गावाला गेलेली. शेवटी पार्वताबाईच उठली. कपाळावरचा घाम पदरानं पुसला आणि आत्यावर खेकसली, "उंबऱ्याचं काय घिऊन बसली? पोर जगली तर बारसं व्हईल!" बाहेर जाऊन तिनं मोसंबीची पिकअप आडवली, क्रेट उतरवायला लावले. मागं गादी टाकली, वर चादर धरली. सीमा लेकीला आत्याकडं देऊन जावेचं डोकं मांडीवर घेऊन बसली, तान्ह्याला पार्वताबाईनं पदराखाली घेतलं. वासाला मोसंबी, डोक्यावर ऊन, आणि पूजा मधूनमधून पाणी मागतेय, असा आमचा तो परतीचा प्रवास. अंबडमध्ये गाडी थांबवून सरबत घेतलं, तेव्हा रसवंतीवाल्यानं बाळंतीण बघून बर्फ घालू का म्हणून तिच्या सासूला विचारलं. "तिला इचार," सासू म्हणाली.

पुन्हा जालना

लोक प्रवासात धबधबे बघायला जातात, देवळं बघतात. मी जालन्याच्या एका वॉर्डात लघवीच्या पिशवीकडं टक लावून बसले होते. सलाइन चालू होतं, गोळ्या बंद केल्या होत्या. रिपोर्टमध्ये किडनीवर ताण आलेला दिसत होता, पण मशिनची वेळ आली नव्हती. तिथला डॉक्टर म्हणाला, आणखी एखादा दिवस घरी राहिली असती तर सांगता आलं नसतं. सकाळी पिशवीत पिवळं पाणी उतरायला लागलं. मी मोठ्यानं "झाली!" म्हणून ओरडले. वॉर्डातल्या सगळ्या बाया हसल्या, पार्वताबाई तोंडाला पदर लावून रडली. मीही रडले, लपवत नाही.

सीमाचं रक्तही तपासलं. तिची किडनी चालू आहे, पण पूर्ण पूर्वीसारखी नाही. थोडी मागंच राहिली आहे. ते मूळच्या आजारामुळं की वर्षभराच्या तहानेमुळं, हे आता कुणीच सांगू शकत नाही. नेहानं तिला समजेल असं सांगितलं, दुखण्याच्या गोळ्या कधी घ्यायच्या नाहीत, वरचेवर तपासायचं, आणि पाणी तहान लागेल तसं प्यायचं. नेहानं स्वतःचा नंबर दिला. सीमानं "बरं" म्हटलं. एवढ्या शांतपणे म्हटलं की मलाच आणखी राग आला. ओरडायला हवं होतं तिनं आमच्यावर.

पुण्यात परतल्यावर बैठक झाली. नेहानं सगळं सांगितलं, पथ्य उठवण्याचा निरोप पेशंटच्या घरापर्यंत पोचतो की नाही हे कुणीच बघत नाही, हेही सांगितलं. मोठ्या डॉक्टरांनी ऐकलं. म्हणाले, सीमाच्या नावापुढचा 'लॉस्ट' काढा. आणि पूजा, मी विचारलं. म्हणाले, पूजा आपल्या अभ्यासात बसत नाही, तिला डायलिसिस लागलं नव्हतं ना. मी चहाचा कप असा आपटला की बशीचा टवका उडाला. "साहेब, ज्या बाईची किडनी आपण वाचवली ती आपल्यात बसत नाही, आणि जिची आपण बिघडवली ती बसते, हा कुठला अभ्यास?" बशीचे पैसे भरून देते म्हणाले आणि उठून आले. पुढं काय होतं ते बघू, मी काही गप्प बसणार नाही.

पण जालन्यातून निघतानाचं सांगायचं राहिलं. आम्ही पिशव्या उचलल्या, वॉर्डाच्या व्हरांड्यात आलो. पार्वताबाई सीमाला घेऊन मागोमाग आली. तिनं पिशवीतून ते पितळी फुलपात्र काढलं. दवाखान्यात काय सांगतील कुणास ठाऊक, लागलं तर असावं म्हणून घरून निघताना तिनं ते सोबत घेतलं होतं.

"पाजा म्हंता, पाजते," ती म्हणाली. "पन कधी थांबायचं ते आत्ताच सांगून जावा. मागल्या टायमाला सांगितलं आन् गेले तुमी लोकं. परत कोनी आलं न्हाई."

मीच म्हटलं, "थांबायचं नाही, पार्वताबाई. दोघींना तहान लागेल तेव्हा, लागेल तेवढं. जन्मभर."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की आमच्या शब्दावर ती आता डोळे मिटून विश्वास ठेवणार नव्हती. मग ती माठाजवळ गेली. फुलपात्र बाजूच्या कट्ट्यावर पालथं घातलं, तांब्या बुडवून काठोकाठ भरला आणि सीमाच्या हातात दिला. सीमानं सवयीनं एक घोट घेतला आणि थांबून सासूकडं पाहिलं.

"पी," पार्वताबाई म्हणाली. "मी मोजत न्हाई."